ग्रंथ एक, वाचणारे दोन

शाळेच्या प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी, सत्कार-समारंभात पाहुण्यांनी आणि निवडणुकीच्या सभेत उमेदवारांनी हमखास उच्चारावे असे एक वाक्य महाराष्ट्रात रूढ झाले आहे. सर्व धर्म एकच गोष्ट सांगतात, हे ते वाक्य. ऐकणाऱ्याला ते बरे वाटते, बोलणाऱ्याला त्यासाठी कोणताही ग्रंथ उघडावा लागत नाही आणि सभा निर्विघ्न पार पडते. या वाक्यामागचा हेतू वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्यांनी आपला ग्रंथ खरोखर उघडला आहे, अशांपैकी किती जणांना हे वाक्य जसेच्या तसे मान्य होईल, हे तपासून पाहण्याजोगे आहे. आणि ते तपासण्यास सातारा व सांगली या जिल्ह्यांइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

सातारा जिल्ह्यातील पाचगणी हे शाळांचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे ख्रिस्ती शाळा आहेत. सेंट जोसेफ्स, किमिन्स, सेंट पीटर्स ही नावे मुंबई-पुण्याच्या पालकांना पाठ आहेत. त्याच गावात १९४५ साली बहाई समाजाने 'न्यू एरा' ही शाळा काढली. तिकडे सांगली जिल्ह्यात, मिरजेला, प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले आणि पुढे मिरज हे औषधोपचाराचे गाव म्हणून कर्नाटकापर्यंत ओळखले जाऊ लागले. म्हणजे या पट्ट्यातील मराठी माणसाला ख्रिस्ती धर्म माहीत आहे तो शाळेतून आणि रुग्णालयातून. बहाई धर्म माहीत असलाच तर तोही शाळेतूनच. दोघांच्या सेवेचा लाभ घेतला गेला, दोघांच्या शिस्तीचे कौतुक झाले. दोघांच्या श्रद्धेत नेमका कोठे फरक आहे, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. एक येशूला मानतो, दुसरा येशूसकट सर्वांनाच मानतो, एवढ्यावर सामान्य समजूत थांबते. या समजुतीप्रमाणे बहाई हा अधिक उदार आणि ख्रिस्ती हा अधिक हट्टी ठरतो. प्रकरण इतके सोपे नाही.

पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाण्यापूर्वी वाई लागते, आणि या वादातला पहिला प्रश्न समजून घ्यायचा तर वाईत थोडे थांबावे लागते. 'धर्मग्रंथ' म्हणजे काय, हा तो प्रश्न. येथील प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशासारखे प्रचंड काम सिद्धीस नेले. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहे. तो कोणी रचला नाही, मनुष्याने नाही आणि ईश्वरानेही नाही. त्याला कर्ता नाही म्हणूनच त्यात कर्त्याचे दोष नाहीत. या मताशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला बहाई आणि ख्रिस्ती या दोन्ही कल्पना त्याहून किती भिन्न आहेत, हे चटकन कळेल. बहाई मतानुसार ग्रंथाला निश्चित असा वक्ता असतो. ईश्वर युगायुगांत ज्यांच्या द्वारे बोलतो त्या प्रेषितपुरुषाची ती वाणी असते. ख्रिस्ती मतानुसार ईश्वराचे अंतिम वचन म्हणजे ग्रंथ नव्हेच. ते वचन म्हणजे येशू ख्रिस्त ही व्यक्ती होय, आणि शुभवर्तमाने ही त्या व्यक्तीविषयीची साक्ष आहे. वक्ता नसलेला ग्रंथ, वक्त्याने दिलेला ग्रंथ आणि वक्ता हाच ग्रंथ, अशा या तीन कल्पना आहेत. त्या तिन्हींना 'धर्मग्रंथ' हा एकच शब्द लावला, की पुढचा सगळा घोटाळा आपोआप सुरू होतो.

बहाई धर्माचा उगम इराणातला. १८४४ साली शिराझ येथे बाब यांनी आपला दावा प्रकट केला आणि १८५० साली तबरीझ येथे त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या अनुयायांपैकी बहाउल्लाह (१८१७–१८९२) यांनी, बाबांनी सूचित केलेला तो पुढचा पुरुष आपणच, असे जाहीर केले आणि आयुष्याची चाळीस वर्षे हद्दपारीत व कैदेत काढली. बगदाद, इस्तंबूल, एदिर्ने आणि शेवटी पॅलेस्टाइनमधील अक्का. या संस्थापकाचे ग्रंथ त्याच्या हयातीत, त्याच्या संमतीने लिहून ठेवले गेले, ही गोष्ट बहाई विद्वान आवर्जून सांगतात, आणि धर्मेतिहासात ती खरोखरच दुर्मीळ आहे. मराठी वाचकाला विशेष वाटावे असे आणखी एक म्हणजे या धर्माचा विधिग्रंथ, 'किताब-ए-अकदस', १८९०-९१ साली छापला गेला तो मुंबईत. इराणात जे छापणे म्हणजे जिवाशी खेळ होता, ते मुंबईच्या शिळाप्रेसवर बिनबोभाट निघत होते.

बहाउल्लाहांच्या मते ईश्वरी सत्य एकदाच आणि सगळेच्या सगळे सांगितले जात नाही. मानवजातीच्या वयानुसार ते क्रमाक्रमाने उघड होते. अब्राहाम, मोशे, जरथुष्ट्र, बुद्ध, कृष्ण, ख्रिस्त, महंमद, बाब आणि बहाउल्लाह ही एकाच शाळेतील ओळीने आलेल्या शिक्षकांची मालिका. प्रत्येकाच्या शिकवणीत दोन भाग असतात. प्रेम, सत्य, न्याय यांसारखा भाग कायम राहतो. विवाह, आहार, दंड, उपासनेचे नियम यांसारखा भाग काळाप्रमाणे बदलतो. प्राथमिक शिक्षकाला ही उपमा लगेच पटेल. पाचवीच्या मुलाला जे सांगायचे ते दुसरीच्या मुलाला सांगत नाहीत, म्हणून दुसरीचा शिक्षक खोटा ठरत नाही.

या तत्त्वात एक मोठी सोय आहे हे नाकारता येणार नाही. जुन्या ग्रंथातील कालबाह्य नियमांचे काय करावे, या प्रश्नाने वाईच्याच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या पंडिताला आयुष्यभर गुंतवून ठेवले होते. अस्पृश्यतानिवारणाला शास्त्राचा आधार दाखवताना त्यांना किती वचने धुंडाळावी लागली असतील! बहाई धर्म हा प्रश्न एका वाक्यात निकालात काढतो: तो नियम त्या युगाचा होता, त्या युगाबरोबर तो संपला.

आता हीच दृष्टी ख्रिस्ती ग्रंथाकडे वळली की काय होते ते पाहू. बहाउल्लाहांनी बगदादमध्ये १८६१-६२ च्या सुमारास 'किताब-ए-इकान' हा ग्रंथ लिहिला. बाबांच्या मामांना पडलेल्या शंकांचे उत्तर म्हणून तो लिहिला गेला. त्यातील मोठा भाग मत्तयाच्या शुभवर्तमानातील चोविसाव्या अध्यायाच्या विवरणाला दिलेला आहे. मनुष्याचा पुत्र पुन्हा येईल तेव्हा सूर्य काळवंडेल, चंद्र निस्तेज होईल आणि तारे गळतील, असे तेथे सांगितले आहे. बहाउल्लाह म्हणतात की हा सूर्य आकाशातला नव्हे. जुन्या धर्माचे तेज मंदावणे, त्याच्या विद्वानांचे स्थानभ्रष्ट होणे, असा त्याचा आशय आहे. याच ग्रंथात, ख्रिस्ती लोकांजवळचे शुभवर्तमान मुळात भ्रष्ट झालेले आहे हा मुसलमानांमधील प्रचलित आक्षेप त्यांनी अमान्य केला आहे. ग्रंथ बदलला नाही, अर्थ बिघडवला गेला, असे त्यांचे म्हणणे. ख्रिस्ती वाचकाला हे ऐकून आनंद व्हावा, आणि काही क्षण तो होतोही. पण लगेच त्याच्या लक्षात येते की ग्रंथ त्याच्याकडे ठेवून त्याचा अर्थ मात्र काढून घेतला गेला आहे.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते पुनरुत्थानाच्या बाबतीत. बहाउल्लाहांचे पुत्र अब्दुल-बहा यांनी अक्का येथे भोजनसमयी दिलेली उत्तरे १९०८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत ते सांगतात की ख्रिस्ताच्या मृत्यूनंतर शिष्य खचले होते, त्याचे कार्य निष्प्राण देहासारखे झाले होते. तीन दिवसांनी शिष्यांना धीर आला आणि त्या कार्यात पुन्हा प्राण आला, हेच पुनरुत्थान. अर्थ सुंदर आहे. एखाद्या सुशिक्षित हिंदूला तो मूळ कथेपेक्षा अधिक पटण्याचाही संभव आहे. परंतु मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या चर्चमध्ये ईस्टरच्या पहाटे जमणाऱ्या माणसाला विचारा. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात स्वच्छ म्हटले आहे की ख्रिस्त उठला नसेल तर सारा उपदेश व्यर्थ. ती घटना घडली, एका विशिष्ट थडग्याजवळ, एका विशिष्ट सकाळी घडली, यावर ख्रिस्ती धर्म उभा आहे. घटनेचा संकेत केला की संकेत उरतो, ख्रिस्ती धर्म उरत नाही. ख्रिस्ती माणूस येथे अडतो तो हट्टापायी नव्हे.

उलट बाजूने, ख्रिस्ती परंपरेला ग्रंथाच्या बाबतीत बहाई परंपरेपेक्षा एक मोकळीक आहे, ती सहसा ध्यानात घेतली जात नाही. येशूने स्वतः एकही ओळ लिहून ठेवली नाही. तो अरामी बोलत असे. शुभवर्तमाने लिहिली गेली ग्रीकमध्ये, आणि ती चार आहेत. चौघे एकच प्रसंग थोड्या थोड्या फरकाने सांगतात. चर्चने या चारांचे एक करून टाकण्याचा मोह टाळला. त्यामुळे हे शास्त्र भाषांतरात जाताना कमी पवित्र होत नाही. १८११ साली श्रीरामपूरहून मराठी नवा करार निघाला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले आणि त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, ते केडगावी छापून पूर्ण झाले. शब्द बदलले, साक्ष तीच राहिली, असे ख्रिस्ती माणूस म्हणू शकतो. अर्थात अक्षरन्‌अक्षर ईश्वराने सांगितले असे मानणारेही ख्रिस्ती लोकांत पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याशी बोलताना ही मोकळीक कोठे दिसत नाही, हे खरे.

मात्र एका ठिकाणी सर्व पंथांचे ख्रिस्ती एकत्र येतात. ख्रिस्तात जे प्रकट झाले त्यानंतर नवे काही प्रकट व्हायचे उरलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली, अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीच चर्च नाकारत नाही, असे जाहीर केले तेव्हा जगभर त्याचे स्वागत झाले. त्याच वर्षी त्याच परिषदेने असेही सांगितले की ख्रिस्ताच्या पुनरागमनापर्यंत नव्या सार्वजनिक साक्षात्काराची अपेक्षा नाही. वर्तमानपत्रांनी पहिले वाक्य उचलले. दुसरे वाक्य बहाई दाव्याला दिलेला सरळ नकार आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की दुसऱ्याच्या ग्रंथाला आपला अर्थ लावण्याचा हा प्रकार बहाई लोकांनीच आरंभला. तसे मुळीच नाही. यहुदी लोकांच्या ग्रंथाला 'जुना करार' हे नाव दिले ते ख्रिस्ती लोकांनी. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील दुःखभोगी सेवक यहुदी वाचतो तो आपल्या राष्ट्राची कहाणी म्हणून. ख्रिस्ती वाचतो ते वधस्तंभाचे भाकीत म्हणून. आणि याचे सर्वांत जिव्हाळ्याचे उदाहरण तर साताऱ्यातच घडलेले आहे.

रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे दोन दशके मिशनचे काम केल्यावर १९१७ साली ते पगारी नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' भरवला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात प्रवेश होता. ख्रिस्तावर प्रेम असले की पुरे. मिशनच्या दृष्टीने ही बेशिस्त होती. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना या माणसाची धुंदी आणि तिच्यापायी घरच्यांची झालेली फरफट, दोन्ही ठाऊक आहेत. मराठी ख्रिस्ती माणसाचा जुना करार म्हणजे आपले संत, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची धारणा होती. परक्या सुरांत गाणाऱ्या चर्चला त्यांनी अभंग आणि कीर्तन दिले. त्यांच्याइतक्या प्रेमाने तुकोबांना वाचणारा ख्रिस्ती दुसरा झाला नाही.

तथापि देहूच्या वारकऱ्याने यावर काय म्हणावे? तुकोबा ज्याच्या मुक्कामाचे ठिकाण आहेत, त्याला ते पूल आहेत असे सांगितले तर त्याला तो सन्मान वाटेल काय? पुलावर कोणी राहत नाही. पुलावरून पलीकडे जातात. नेमक्या याच जागी बहाई माणसासमोर ख्रिस्ती उभा असतो. येशूला बहाई माणूस मनापासून वंदन करतो आणि पुढे निघतो. टिळकांचे तुकोबांवरील प्रेम खोटे नव्हते, बहाई माणसाचे येशूवरील प्रेमही खोटे नाही. पण ज्याला ओलांडले जाते त्याच्या अनुयायाला ते प्रेम पुरेसे वाटत नाही, आणि तसे न वाटण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. टिळकांच्या मागे १९१९ नंतर तो दरबार फार काळ चालला नाही. दोन्हीकडच्यांना तो आपला वाटला नाही हे त्याचे एक कारण असावे.

दिल्लीचे बहाई उपासनामंदिर १९८६ साली खुले झाले. सहलीला गेलेली मराठी मंडळी कमळाचा आकार पाहून, दोन मिनिटे शांत बसून येतात. तेथे प्रवचन नसते, मूर्ती नसते, वाद्य नसते. निरनिराळ्या धर्मांच्या ग्रंथांतील वचने तेवढी म्हटली जातात. बायबलही म्हटले जाते. ख्रिस्ती पाहुण्याला आपल्या ग्रंथाचा आवाज त्या घुमटाखाली ऐकून धन्य वाटावे, आणि त्याच वेळी आपला ग्रंथ येथे एका रांगेतला एक आहे, हेही जाणवावे. ती रांग कोणी लावली, हा प्रश्न त्या शांततेत कोणी मोठ्याने विचारत नाही.

कारण रांग लावणारालाही स्वतःचा आग्रह असतोच. बहाई धर्मात साक्षात्काराची मालिका कधी संपत नाही असे सांगितले जाते, आणि ते खरे आहे. पण 'अकदस' मध्ये हेही बजावलेले आहे की पुरती एक हजार वर्षे लोटण्यापूर्वी जो कोणी नवा प्रेषित असल्याचा दावा करील तो खोटा समजावा. ग्रंथाचा अधिकृत अर्थ सांगण्याचा हक्क अब्दुल-बहांना आणि नंतर शोगी एफेंदींना होता. शोगी एफेंदी १९५७ साली वारले, आणि १९६३ पासून हैफा येथील विश्व न्याय मंदिर समाजाचा कारभार पाहते. प्रत्येकाने ग्रंथ स्वतः वाचावा अशी अपेक्षा आहे, परंतु आपला अर्थ दुसऱ्यावर लादून वेगळा पंथ काढण्यास वाव नाही. या व्यवस्थेमुळे हा समाज शेकडो पंथांत फुटला नाही. ख्रिस्ती समाजाला तेवढे म्हणता येत नाही. ज्याला मोकळा उंबरठा म्हणून पाहिले जाते त्या घरालाही भक्कम भिंती आहेत, एवढेच येथे दाखवायचे आहे.

या वादात आपण तटस्थ प्रेक्षक आहोत असे हिंदू वाचकाला वाटत असेल, तर तेही तितकेसे बरोबर नाही. कृष्णाला बहाई धर्म ईश्वराचे प्रकटरूप मानतो, हे ऐकून त्याला समाधान होते. परंतु बहाई शिकवणीत पुनर्जन्माला स्थान नाही. अब्दुल-बहांनी त्याचे सविस्तर खंडन केले आहे. अवतार म्हणजे साक्षात ईश्वर देहधारी झाला, हा अर्थही तेथे चालत नाही. आरशात सूर्य दिसतो, सूर्य आरशात उतरत नाही, असा तेथला दृष्टांत आहे. मग गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जुनी वस्त्रे टाकण्याच्या दृष्टांताचे काय करायचे? त्याचाही नवा अर्थ लावावा लागतो. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायाबाबत ख्रिस्ती माणसाला जे वाटते, तेच गीतेबाबत वाटण्याची पाळी येथे हिंदूवर येते. फरक इतकाच की ख्रिस्ती माणूस ते बोलून दाखवतो.

सर्व धर्म सारखेच, तर मग एवढा खल कशाला, असे अजूनही कोणाला वाटत असेल, तर १८ जून १९८३ ची शिराझमधील घटना पाहावी. त्या दिवशी दहा बहाई स्त्रियांना फाशी देण्यात आले. सर्वांत धाकटी सतरा वर्षांची होती. लहान मुलांना धर्माचे धडे देणे हा तिचा गुन्हा. श्रद्धा सोडल्याचे कबूल केले तर जीव वाचेल, असे प्रत्येकीला सांगण्यात आले होते. सर्व धर्मांचा उगम एकच, असे मानणाऱ्या या स्त्रिया होत्या. सभेतल्या त्या वाक्याप्रमाणे पाहिले तर एका धर्माऐवजी दुसऱ्याचे नाव घेण्यात त्यांचे काहीच बिघडणार नव्हते. त्यांनी ते घेतले नाही.

शिक्षकांपुढचा प्रश्न अधिक व्यावहारिक आहे. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमात आहे. परंतु धर्मांविषयी माहिती देणे म्हणजे धर्माचे शिक्षण देणे नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. या सवलतीचा उपयोग बहुतेक ठिकाणी भिंतीवर सर्व धर्मांची चिन्हे एका वर्तुळात रंगवण्यापलीकडे झालेला नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात नाना जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसवली ती एकमेकांचे सारखेपण सिद्ध झाल्यावर नव्हे. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात हजेरी लावणाऱ्या गवयाला त्याचा ग्रंथ कोणता हे कोणी विचारले नाही. एकत्र जेवण्यासाठी किंवा गाण्यासाठी मतैक्य लागत नाही, हे या भागाला जुने ठाऊक आहे. मतभेद नीट शब्दांत मांडता येणे ही वेगळी विद्या आहे आणि ती शाळेतच शिकवावी लागते.

त्यासाठी फार सामग्री लागणार नाही. मत्तयाचा चोविसावा अध्याय एका तासिकेत वाचून होतो. त्यावर बहाउल्लाह काय म्हणतात ते दुसऱ्या तासिकेत सांगता येईल. तिसऱ्या तासिकेला गावातल्या चर्चचे एखादे वडीलधारे गृहस्थ बोलावून त्यांना हे विवरण का मान्य नाही, ते त्यांच्याच तोंडून ऐकावे. नववी-दहावीच्या मुलांना तो युक्तिवाद झेपणार नाही ही भीती व्यर्थ आहे. आणि चौथ्या तासिकेला कोणी विद्यार्थ्याने उठून विचारले की गीतेचा अर्थ कोणी ठरवायचा, तर त्याला खाली बसवू नये.